अंड्याची विहीर

आमच्या अंगणात त्या काळी बावीस डायनासोर होते. त्यांतले दोन नर, बाकी माद्या, आणि माद्यांपैकी एक लंगडी. पहाटे थोरला नर कुंपणाच्या मेढीवर चढून बोंबलायचा, दिवसभर सगळी फौज उकिरडा उकरायची आणि दिवेलागणीला माझी आत्या एकेकाला नावानं हाक मारत टोपल्यांखाली कोंडायची. महिन्यातून एखाद्या रविवारी त्यांतला एक जण आमच्या पातेल्यात जायचा. आई पाट्यावर सुक्या खोबऱ्याचं आणि भाजल्या कांद्याचं वाटण वाटायला बसली की त्या घसघस आवाजानंच आम्हाला कळायचं की आज बावीसचे एकवीस झाले. डायनासोर या विषयात मुरबाड तालुक्यात माझ्या तोडीचा माणूस नाही, अशी माझी तेव्हा पक्की समजूत होती. पण त्या बावीसांतला एकही मला ओळखता आला नाही. मी त्यांना हुश्श करून ओटीवरून हाकलायचो आणि तिथं पुस्तक उघडून बसायचो, खरे डायनासोर बघायला.

कोंबडीचं हे कुळ मला गेल्या दिवाळीत कळलं, माझ्या नातीकडून. सई आठ वर्षांची आहे आणि ठाण्याला राहते. मी कौतुकानं म्हणालो, "म्हणजे कोंबडी डायनासोरची वंशज म्हणायची." तिनं ताटातली तंगडी खाली ठेवली. "वंशज नाही आजोबा. कोंबडी डायनासोरच आहे. नीट बोला." आवाजातला तो खाष्टपणा मला कुठेतरी ऐकल्यासारखा वाटला. मग लक्षात आलं, तो माझाच होता. मधली एक पिढी सोडून उतरला होता.

घर आमचं टोकावड्याच्या अलीकडे, माळशेजकडे जाणाऱ्या रस्त्यापासून शेतांच्या बांधावरून दहा मिनिटं आत. घाटाकडे निघालेली एसटी चढावर गिअर बदलायची तो आवाज ओटीवर ऐकू यायचा, आणि दुपारी भातगिरणीचा फटफटाट. आबा, म्हणजे माझे वडील, मुरबाडला एका सरकारी कचेरीत शिपाई. आई शेतात. आत्या खर्डीला दिलेली होती. नवरा गेल्यावर ती एक पत्र्याची ट्रंक, सात कोंबड्या आणि एक कोंबडा घेऊन आमच्याकडे आली, आणि मग घरावर राज्य तिचंच चाललं. भात किती शिजवायचा, वालाच्या बिरड्यात गूळ किती, कोणाला सुकटीचा वाटा जास्त, हे सगळं ती ठरवायची. मला जास्त मिळायचा. माझ्या पुढच्या सगळ्या उद्धटपणाचं मूळ त्या जास्तीच्या सुकटीत आहे असं आई शेवटपर्यंत म्हणत होती.

पुस्तकाचं असं झालं. आबांचे एक साहेब बदली होऊन शहापूरला गेले. त्यांचं सामान लावायला आबा दोन दिवस गेले आणि येताना साहेबांच्या मुलानं टाकून दिलेलं एक इंग्रजी पुस्तक घेऊन आले. जाड, रंगीत, पुठ्ठा नसलेलं. पहिली सोळा पानंही नव्हती. सतराव्या पानावर एकदम एक उघडा जबडा होता आणि त्यात माझ्या मनगटाएवढे दात. माझं इंग्रजी तेव्हा स्वतःचं नाव सांगण्यापुरतं होतं. पण शाळेतला शब्दकोश उन्हाळ्याच्या सुटीत घरी आणून मी ते पुस्तक शब्द शब्द फोडून वाचलं. नावं मी माझ्याच पद्धतीनं उच्चारायचो आणि दुसरी पद्धत असू शकते हे मला ठाऊकच नव्हतं. असं माझं सगळं शिक्षण सतराव्या पानापासून पुढचं. त्या आधीच्या सोळा पानांत काय असेल याची मला तेव्हा जराही उत्सुकता नव्हती. प्रस्तावना असेल, आभार असतील, असं मी धरून चाललो होतो.

ज्ञान मिळालं की माणूस सुधारतो असं म्हणतात. मी दुसऱ्यांना सुधारायला निघालो. उडणारा तो डायनासोर नव्हे. समुद्रात पोहणारा तोही नव्हे. पाठीवर शिडासारखा पडदा असलेला तो तर मुळीच नव्हे, तो आपल्याच घराण्याला, म्हणजे दूध पिणाऱ्या जनावरांना जवळचा. लांब केसांचा हत्ती फार नंतरचा. हे मी न विचारता सांगायचो. गिरणीत दळणाच्या रांगेत सांगायचो, लग्नाच्या पंगतीत सांगायचो, एकदा तर मयताला आलेल्या लोकांना सांगितलं. त्यातलं काही बरोबर होतं, हे कबूल करायला हवं. पण तितक्याच जोरात मी हेही सांगायचो की लांब मानेचा तो अवाढव्य प्राणी वजन पेलत नाही म्हणून जन्मभर दलदलीत बुडून राहायचा, सगळे शेपटी जमिनीवरून फरफटत चालायचे, आणि पाठीवर पाट्या असलेल्या त्या एकाला दुसरा मेंदू कमरेत होता. ही तिन्ही विधानं सईनं मागच्या दिवाळीत एका बैठकीत निकालात काढली. कमरेतल्या मेंदूवर तर ती इतकी हसली की तिला पाणी द्यावं लागलं. आबा मात्र तेव्हा हसले नव्हते. मी बैल सोडायला विसरलो त्या दिवशी ते शांतपणे म्हणाले होते, "तुजा कमरंतला चालतंय का बग. वरचा तर बंदच हाय."

शिमग्यातली गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही, कारण माझं गावातलं नाव तिथं पडलं. माझा चुलतभाऊ पांडू माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, सोंगं काढण्यात पटाईत. त्या वर्षी त्यानं माझ्याच पुस्तकातलं चित्र बघून डायनासोरचं सोंग काढलं. गोणपाटाचं अंग, दोन सुपांचा जबडा, मागं बांबूची शेपटी. आणि त्याच्या पाठीवर झाडपाला गुंडाळलेला, हातात दांडकं घेतलेला आदिमानव बसवला. ढोल वाजतोय, सोंग दारोदार नाचतंय, आमच्या अंगणात आलं तेव्हा आत्या सूपभर गूळखोबरं घेऊन उभी. आणि मी मधे जाऊन दोन्ही हात वर केले. ढोल थांबला.

"हे चूक हाय," मी म्हणालो. "मानूस आनि डायनासोर कधी भेटलेच नाय. मधे साडेसहा कोटी वर्षं गेली."

सुपाच्या आतून पांडूचा आवाज आला, "रघ्या, बाजूला हो. मला आतून काय दिसत नाय."

"पन साडेसहा कोटी..."

"बरं," पांडू म्हणाला. "तू उलटं मोज. आमी तेवढं हितंच थांबतो. ढोलवाल्याला चा दे."

त्या दिवसापासून मला रघुनाथ कोणी म्हटलं नाही. मी साडेसहा कोटी झालो. अजूनही गावी गेलो की माझ्या वयाचे, म्हणजे कवळी लावलेले लोक, मला "काय साडेसहा, कवा आलास" असं विचारतात. त्यांच्या सुना दचकून बघतात.

आता विहीर. आमचं पाणी खालच्या ओहोळावरून यायचं, आणि उन्हाळ्यात ओहोळातल्या झऱ्यावरून, वाटीवाटीनं भरून. आणायचं आत्या आणि आईनं. आत्याचा उजवा गुडघा उतरताना कट् वाजायचा. चढताना डोक्यावर दोन हंडे असायचे तेव्हा तो वाजायचा नाही, पण मग ती बोलायची नाही. घरी येऊन हंडे उतरवून ठेवल्यावर थोड्या वेळानं तिला बोलता यायचं. आबांनी शेताच्या वरच्या कडेला विहीर काढायचं ठरवलं ते त्या गप्प बसण्यामुळं. जागा दाखवली धर्माबाबांनी. धर्माबाबा वरच्या ठाकूरवाडीतले, आसपासच्या निम्म्या विहिरी त्यांच्या हातच्या. अंगानं वाळलेले, बोलायला त्याहून वाळलेले. शिमगा झाल्यावर त्यांनी आणि त्यांच्या दोन मुलांनी पहार घातली. माती झाली, मुरूम लागला, आणि खाली कातळ लागेल तिथं सुरुंग लावायला एक माणूस ठरवून ठेवला होता. पावसाच्या आत पाणी लागायला हवं, नाहीतर खड्डा चिखलानं भरून सगळी मेहनत वाया.

मे महिन्यातली सकाळ. मी काठावर बसून आंब्याची कोय चोखत होतो आणि खाली धर्माबाबा पिवळ्या मुरमातून काहीतरी सुटं करत होते. गोल. लाल भोपळ्याएवढं. त्याच्या शेजारी दुसरं, जरा लहान. त्याच्या शेजारी तिसरं. अंगावर पातळ कवच, जागोजागी तडकलेलं. मी कोय टाकली आणि धावत जाऊन पुस्तक आणलं. त्यात एक चित्र होतं, वाळूतल्या घरट्यात गोल मांडलेल्या अंड्यांचं. मी चित्र बघितलं, खड्ड्यात बघितलं, परत चित्र बघितलं.

आत्या डोक्यावर घमेलं घेऊन येत होती. "आत्या, अंडी," मी म्हणालो. "डायनासोरची."

आत्याला अंडी दाखवणं म्हणजे सोनाराला सोनं दाखवणं होतं. खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी ती एकेक पारखून घ्यायची. धर्माबाबांच्या मुलानं वर दिलेला एक लहान गोळा तिनं दोन्ही हातांत घेतला. उन्हाकडे धरून बघितला. बोटाच्या पेरानं ठोकला. कानाला लावला.

"अंडं नाय ह्ये," ती म्हणाली. "अंडं आतून बोलतं. ह्ये बोलत नाय."

"दगड झालाय त्याचा. कोट्यवधी वर्षांत अंड्याचा दगड होतो."

"दगड झालाय तर दगडच म्हन की."

"दगड नाय आत्या, अंडं हाय."

तिनं तो पुन्हा फिरवून बघितला. बराच वेळ बघितला. "कुनी घडवल्याबिगर दगड येवढा गोल कसा व्हईल," ती हळूच म्हणाली. "देव असंल रे."

"देव नाय, अंडं."

"अंडं नाय, देव."

आमचं हे चाललं होतं तेव्हा धर्माबाबा खाली पहारीला टेकून वर बघत होते. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ते उघडलेलं तोंड मला आजही दिसतं. मी त्यांना हातानं थांबवलं आणि म्हणालो, "धर्माबाबा, पहार जरा नीट ठेवा. फुटंल."

त्यांनी तोंड मिटलं, पहार बाजूला ठेवली आणि बिडी पेटवली.

दुपारपर्यंत मी सायकल हाणत टोकावड्याला जाऊन आमच्या विज्ञानाच्या सरांना घेऊन आलो. सर भला माणूस. सुटीत कंटाळले होते आणि भिंगही त्यांच्याकडे होतं. त्यांनी अंडं भिंगातून बघितलं, पुस्तकातलं चित्र भिंगातून बघितलं आणि म्हणाले, "नाही म्हणता येत नाही." एवढं मला पुष्कळ होतं. त्यांनी मुंबईच्या एका संग्रहालयाला पत्र लिहिलं, खड्ड्याभोवती चार खुंट्या ठोकून सुतळी बांधली आणि उत्तर येईपर्यंत काम थांबवा असं आबांना सांगितलं. आबा शिपाई माणूस. कोणीही नीट शब्दांत काही थांबवायला सांगितलं की त्यांचा हात आपोआप टोपीकडे जायचा. काम थांबलं. मी पुठ्ठ्यावर झोकदार अक्षरात लिहिलं, 'कृपया अंड्यांना हात लावू नये', आणि सर्वांत मोठ्या अंड्याजवळ काठीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन बघतो तर अंड्याला शेंदूर. वर जास्वंदीचं फूल, पुढं अर्धी वाटी दूध. माझ्या पाटीला मात्र आत्यानं खरोखरच हात लावला नव्हता. आत्या वाचायला शिकलेली नव्हती, पण मी लिहिलेलं काही ती कधी हलवायची नाही.

पुढचे आठ दिवस माझ्या आयुष्यातले सर्वांत थोर. बातमी गिरणीत गेली, गिरणीतून एसटीत गेली. कंडक्टर आमच्या फाट्यावर घंटी मारून "अंड्यावाले उतरा" म्हणायला लागला. निम्मे लोक अंडं बघायला यायचे, निम्मे देव बघायला, आणि दोन्ही एकच वस्तू आहे हे कळल्यावर कोणाचं काही बिघडायचं नाही. नारळ फुटायचे, आत्या सगळ्यांना खोबरं वाटायची, आणि मी सुतळीच्या आत उभा राहून लोकांचे गैरसमज दूर करायचो. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "पिल्लू कवा निघंल?" मी त्याला पाऊण तास समजावलं. तो म्हणाला, "म्हंजे पावसानंतर." एक बाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाली, "आमच्या शिरोशीला पन असली मोप हायेत, ओहोळाच्या काठाला." मी तिला हसून सांगितलं की ते शक्य नाही. अशी अंडी दुर्मिळ असतात, तुमचा काहीतरी गैरसमज होतोय. ती बिचारी मागं सरली. तिचं नाव गाव विचारून ठेवलं असतं तर आज जाऊन माफी मागितली असती.

नवव्या दिवशी रात्रीच्या जेवणाला भाकरी, सुकट आणि कैरीची चटणी होती. आत्या गोठ्याकडे गेली तशी आबांनी विषय काढला. आवाज चढवला असता तर बरं वाटलं असतं.

"रघ्या, सुरुंगवाला परवा खर्डीकडं चाललाय. तिकडं त्याला तीन विहिरी हायेत. तो आता पावसाआधी परत येत नाय."

"मुंबईचं उत्तर आलं नाय अजून, आबा."

"नाय आलं. म्हंजे ह्या साली विहीर नाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "अजून एक साल आत्याचा गुडघा. तेवढंच सांगायचं व्हतं. खा."

मी खाल्लं नाही. आत्याचं मला कळतच नव्हतं. विहीर हवी ती तिलाच, आणि काम अडलं म्हणून एक अक्षर बोलली नव्हती. शेंदूर लावलेल्या देवाजवळ कोणी पहार चालवणार नाही हे तिला ठाऊक होतं आणि सरांच्या सुतळीपेक्षा तिचा शेंदूर जास्त अडवत होता. दुसऱ्या दिवशी पहाटे हंडे घेऊन निघताना ती खड्ड्यापाशी थांबली. मी ओटीवरून उठून मागोमाग गेलो होतो, तिनं बघितलं नाही. हात जोडून ती त्या गोळ्याला सांगत होती, "पानी दे रे बाबा. पानी लागलं ना, तुला रोज आंघोळ घालीन. आता घालायला पानी कुठनं आनू, तूच सांग." मग हंडे उचलून उतरायला लागली. कट्, कट्, कट्. तो आवाज खालपर्यंत ऐकू येत राहिला.

उजाडल्यावर धर्माबाबा नेहमीसारखे आले आणि पळसाखाली बसले. काम बंद असलं तरी ते रोज येऊन बसत, बसायचं म्हणून. मी त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो. विचारायचं काय ते मला सुचत नव्हतं, कारण तोपर्यंत मी कोणाला काही विचारलंच नव्हतं. शेवटी म्हणालो, "धर्माबाबा, त्या दिवशी तुमी काय सांगत व्हता?"

त्यांनी बिडी विझवून कानावर ठेवली. "चल."

टेकडीच्या पाठीमागं ओहोळानं काठ कापला होता तिथं त्यांनी मला नेलं. दोन पुरुष उंचीची ती दरड वरपासून खालपर्यंत अंड्यांनी भरलेली होती. लिंबाएवढी होती, बैलगाडीच्या चाकाएवढी होती. काही पाण्यानं घरंगळून खाली पडली होती. एक मधोमध फुटलं होतं आणि आत कांद्यासारखे पापुद्रे, पापुद्र्याच्या आत पापुद्रा, आणि अगदी गाभ्यात मुठीएवढा काळा कठीण दगड. आमच्या घराची पायरी ज्या दगडाची होती तोच.

धर्माबाबांनी मला पोटभर बघू दिलं. मग म्हणाले, "येवढी घालनारी कोंबडी केवढी व्हती रे?"

मी फुटलेल्या गोळ्यापाशी वाकलो.

"काळा दगड कुजला का असाच कुजतो. कोपरं आधी कुजतात. कोपरं गेली का गोल उरतो." त्यांनी एक पापुद्रा बोटांनी चुरला. "आनि असा कुजका दगड लागला म्हंजे पानी दोन-चार हातांवर. म्हनून तर तिथं जागा धरली."

"मंग आधी का नाय सांगितलंत?"

"सांगत व्हतो की. तू बोल्लास पहार नीट ठेवा."

खूप वर्षांनी, नोकरीत असताना, मुंबईत फुटपाथवर मला तेच पुस्तक सापडलं. पुठ्ठ्यासकट. मी उभ्या उभ्या पहिली सोळा पानं वाचून काढली. नवव्या पानावर ठळक अक्षरात लिहिलं होतं की प्राण्यांचे अवशेष गाळ साठून झालेल्या खडकात मिळतात. ज्वालामुखीतून आलेल्या काळ्या खडकात ते शोधत बसू नये. खाली चित्रही होतं, गोल दगडांचं, 'यांना फसू नका' असं. पुस्तकवाला विचारत होता घेणार का. मी म्हणालो, मी वाचलंय.

पण ते पुढचं. त्या दिवशी टेकडीवरून परत येताना मला फक्त दोन माणसांची भीती वाटत होती, सरांची आणि आत्याची. खड्ड्यापाशी नेहमीची जत्रा भरली होती. सर आलेले, पांडू आणि त्याची टोळी आलेली. मी सुतळी ओलांडून खड्ड्यात उतरलो, माझी पाटी काढली आणि म्हणालो, "हे अंडं नाय. दगड हाय. माजं चुकलं. धर्माबाबांना पहिल्या दिवसापासून म्हाईत व्हतं, मीच बोलू दिलं नाय."

मग पांडू म्हणाला, "साडेसहा कोटी, मंग आठ दिस आमी काय बगत व्हतो?"

"कुजलेला दगड," मी म्हणालो. लोक हसले, आणि हसले ते बराच वेळ हसले. सरांचे कान लाल झाले होते. पण ते पुढं आले, "मीसुद्धा चुकलो," एवढंच म्हणाले आणि चारी खुंट्यांची सुतळी सोडून, नीट गुंडाळून खिशात घातली. सर म्हटलं की मला अजून ती गुंडाळलेली सुतळी आठवते.

राहिली आत्या. सुतळी सुटली तरी शेंदूर होता, आणि धर्माबाबांची मुलंही त्या शेंदराकडे बघत लांबच उभी होती. सगळे आत्याकडे बघायला लागले. मी खड्ड्यातून वर बघत म्हणालो, "आत्या, देव नाय तो. माज्यामुळं झालं हे सगळं."

"तू चुकलास," आत्या म्हणाली. "त्याच्यात देवाचं काय चुकलं?"

याचं उत्तर सतराव्या पानानंतरच्या कुठल्याच पानावर नव्हतं. ती धर्माबाबांकडे वळली. "खाली पानी हाय का?"

"हाय."

"नक्की?"

"येवढ्या विहिरी काढल्या बाय, कवा खोटं बोल्लो?"

"मंग देवाला वर घ्या. त्याचं काम झालं." आणि मला म्हणाली, "तू आन. तूच बोलावलंस त्याला."

तो गोळा मी छातीशी धरून दोरीच्या शिडीवरून वर आणला. माझा एकुलता चांगला सदरा शेंदरानं माखला तो कायमचा. खड्ड्याजवळच्या उंबराच्या मुळाशी आत्यानं तोवर जागा सारवली होती. तिथं तो ठेवला, तिनं नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा धर्माबाबांना दिला. सुरुंगवाला अजून खर्डीला निघाला नव्हता; दुपारी सुरुंगाचे तीन बार झाले. बावीसच्या बावीस डायनासोर कुंपण ओलांडून पळाले आणि संध्याकाळपर्यंत सापडले नाहीत. दुसऱ्या दिवशी धर्माबाबांच्या मुलानं खालून ओंजळ वर करून दाखवली. गढूळ होती. आत्यानं पहिली कळशी वर आल्यावर आम्हाला कोणाला हात लावू दिला नाही. उंबराखाली जाऊन ती सगळी त्या गोळ्यावर ओतली. बोलली होती तसं.

आत्या जाईपर्यंत त्याची आंघोळ एक दिवस चुकली नाही. नंतर आईनं घातली, नंतर पांडूच्या बायकोनं. विहिरीला गाव अंड्याची विहीर म्हणतं. का म्हणतं ते आता कोणाला ठाऊक नाही. नव्या मुलांना वाटतं, तिचा आकार लांबट आहे म्हणून. पोर होत नसलेल्या बायका नवस बोलतात असंही मध्ये ऐकलं. मी दोनदा खरी हकीकत सांगून बघितली. दोन्ही वेळा लोकांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला प्रसाद दिला.

गेल्या दिवाळीत सईला घेऊन गेलो. उंबराखाली एक तरुण बाई आपल्या पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आली होती. मुलानं देवापुढं प्लास्टिकचा एक हिरवा प्राणी उभा केला होता, पाठीवर शीड असलेला. त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "आजोबा, ह्यो डायनासोरच ना?"

सईनं तोंड उघडलं. माझा हात तिला थांबवायला वर गेला, आणि मला पहारीला टेकलेले धर्माबाबा दिसले. मी हात खाली घेतला. सई बोलली. शीड, दात, दूध पिणाऱ्या जनावरांशी नातं, सगळं. पोरगं तोंड वासून ऐकत होतं. तिचं संपल्यावर त्यानं शेंदूर लावलेल्या गोळ्याकडे बोट केलं. "मंग ह्यो कोन हाय?"

सईनं गोळ्याकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"थांब," मी म्हणालो, आणि बादली विहिरीत सोडली. "आधी त्याची आंघोळ होऊ दे."